घरपट्टीची नोटीस, दारातलं गटार आणि आवक क्रमांक

कोल्हापूर
जानेवारी २०२६

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, नोटिशीचे फोटो मिळाले, नीट वाचले. घरपट्टी दुप्पट झाली, दारातलं गटार तुंबतंय आणि नळाला पाणी कमी येतं, या तिन्हीचा मिळून एकच अर्ज नगराध्यक्षांच्या हातात द्यायचा असं तुम्ही म्हणत होता. कृपा करून तसं करू नका. नगरपरिषदेत या तीन विषयांची तीन टेबलं आहेत, त्यांचे पैसे वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या खात्यांतून, येतात आणि मुदतीही वेगळ्या आहेत. मिसळीचा अर्ज आवकला, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात त्या खिडकीवर, आला की कारकून त्यातला पहिला विषय बघून तो त्या टेबलाकडे पाठवतो. बाकीचे दोन विषय त्याच फायलीत पडून राहतात. तेव्हा एका अर्जात एकच विषय. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेल्याची नोंद कुठेच होत नाही, समोरचा माणूस कितीही ओळखीचा असला तरी.

आधी घरपट्टी, कारण तिथे मुदत चालू झाली आहे. तुम्हाला आलेली नोटीस म्हणजे बिल नव्हे. चार वर्षांनी एकदा फेरआकारणी होते, त्याची प्रारूप यादी लागते आणि ज्यांची आकारणी नवी झाली किंवा वाढली त्यांना अशी विशेष नोटीस देतात. हरकतीसाठी नोटिशीवर लिहिलेली मुदत साधारण तीस दिवसांची असते. ती पाळलीच पाहिजे, कारण वेळेत हरकत नोंदवलेली नसेल तर पुढे अपील समितीकडे जायचा रस्ताच बंद होतो. अपिलाच्या वेळी मागणीची रक्कमही आधी भरावी लागते. थोडक्यात, घराचं जे काही म्हणणं असेल ते हरकतीच्या कागदावरच आलं पाहिजे.

हिशेब कसा होतो ते बघा. क्षेत्रफळ गुणिले दरमहा भाडेदर गुणिले बारा महिने, त्यातून दुरुस्तीचे दहा टक्के वजा, उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर कराचा टक्का. समजा आपलं घर ७० चौरस मीटर धरलं आणि कौलारू बांधकामाचा दर ८ रुपये असला, तर वर्षाचे ६,७२० रुपये, दहा टक्के वजा जाऊन ६,०४८. कर २५ टक्के धरला तर १,५१२ रुपये. आता तेच घर आरसीसी म्हणून लिहिलं गेलं आणि त्याचा दर १६ रुपये असला, तर कर थेट ३,०२४. हे दर मी फक्त हिशेब दाखवण्यासाठी धरलेत, आपल्या गावचे दर कर विभागात लावलेले असतात, ते बघून घ्या. सांगायचं एवढंच की रक्कम दुप्पट झाली तर टक्केवारीवर भांडून उपयोग नाही. चूक बहुतेक वेळा बांधकामाच्या प्रकारात, वापरात किंवा क्षेत्रफळात असते.

आपल्या घरात या तिन्ही जागी घोळ व्हायची शक्यता आहे. मागच्या एका खोलीवर स्लॅब आहे, सोपा (पुढची पडवी) आणि माजघर कौलारू. सर्वेक्षणाला येणारी मुलं दारातून फोटो काढतात, टेप धरतात आणि पुढे जातात. स्लॅब दिसला की सगळं घर आरसीसी होतं. दोन्ही भाग वेगळे लिहून मागायचे. परड्यातलं पत्र्याचं शेड आणि न्हाणी कशात धरलेत तेही बघा. आणि सोप्यालगतची ती खोली, जिथे पूर्वी दुकान होतं, ती अजून ‘बिगरनिवासी’ आहे का ते आवर्जून तपासा. निवासी घराला रोजगार हमी कर लागत नाही. तो तुमच्या नोटिशीत दिसला तर समजायचं की दुकान अजून कागदावर चालू आहे. त्या खोलीचा वेगळा व्यापारी मीटर असेल तर आधी महावितरणकडे तो बदलून घ्या, कारण वापराचा पुरावा म्हणून लाइट बिलच बघतात.

मापं घरीच घ्या. आई टेपचं एक टोक धरेल. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फुटांत लिहा, गुणाकार करा आणि १०.७६४ ने भागा म्हणजे चौरस मीटर येतील; बारा बाय दहाचा सोपा ११.१५ चौरस मीटर होतो. नोटिशीतलं क्षेत्र भिंतींसह आहे की आतलं, हे खिडकीवर विचारून त्याच पद्धतीनं मोजा. जुन्या घराच्या दीड-दोन फुटी भिंतींनी आकडा बराच बदलतो. हरकतीत मालमत्ता क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर, काय चुकलंय, आपली मापं आणि मागणी, एवढंच लिहा. ‘कर अन्यायकारक आहे’ या वाक्यावर सुनावणीत काहीच करता येत नाही. ‘सोपा व माजघर कौलारू असून आरसीसी नोंदले आहे’ यावर करता येतं. सोबत घराचे चारही बाजूंचे फोटो, जुनी पावती, लाइट बिल. आणि घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयाचं मालमत्ता पत्रकच लागतं.

चालू वर्षाचं जुनं बिल मात्र थकवू नका. थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेत एवढं व्याज कोण देतं? शिवाय मार्चअखेर वसुलीची पथकं फिरतात तेव्हा थकबाकीदाराचा नळ आधी तोडतात. तुमच्या वयात त्या कटकटीत पडायचं नाही.

आता गटार. बाबा, याचे दोन अर्ज होतात. गाळ काढणं हे आरोग्य विभागाचं काम, स्वच्छता निरीक्षकांकडे. नवं बांधणं किंवा दुरुस्ती बांधकाम विभागाची. ‘गटाराची व्यवस्था करावी’ असं मोघम लिहिलं की दोन्ही विभाग ते काम दुसऱ्याचं समजतात.

गटार आपल्या दारात तुंबलेलं दिसतं, पण बिघाड तिथे असेलच असं नाही. पाणी पुढे जिथे अडतं तिथून मागे साचत येतं. म्हणून ओढ्याच्या टोकाकडून वर चालत या आणि पाणी कुठे हलायचं थांबतं ते बघा. बहुतेक ठिकाणी ते रस्ता ओलांडणाऱ्या मोरीत असतं: पाइप लहान, अर्धा गाळानं भरलेला, त्यात कुणाचं तरी नळाचं कनेक्शन आडवं गेलेलं आणि त्याला प्लास्टिक अडकलेलं. ती जागा अर्जात खुणेनं लिहा, अमुक देवळासमोरची मोरी अशी. कामगार दारासमोरचा गाळ काढून जातात आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच होतं, त्याचं कारण हेच. काढलेला गाळ ओला असतो म्हणून काठावर वाळत ठेवतात. तो दोन दिवसांत उचलला नाही तर पुन्हा आत जातो. मे महिन्यातल्या पावसाळापूर्व सफाईत एवढ्या एका गोष्टीवर गल्लीनं लक्ष ठेवलं तरी आषाढात फरक पडतो.

नवं गटार मागत असाल तर उतार हा खरा मुद्दा आहे. दोनशेला एक असा उतार धरला तर तीस मीटर लांबीला १५ सेंटिमीटर खाली जावं लागतं. पुढचं जुनं गटार तेवढं खोल नसेल तर कितीही चांगलं काँक्रीट केलं तरी पाणी उभंच राहणार. तेव्हा कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक करण्याआधी मोरीपर्यंत लेव्हल घ्यावी, म्हणजे जमिनीची उंची मोजावी, असं अर्जात स्पष्ट मागा. तसंच रस्त्याचं. जुना थर न काढता त्यावर नवा थर चढवत गेल्यामुळे जुन्या गल्ल्यांत रस्ते जोत्याच्या बरोबरीला आलेत आणि पावसाचं पाणी सोप्यात शिरतं. मला या प्रकाराची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण एकदा रस्ता वर गेला की घर कायमचं खाली राहतं. जुना थर खोदून काढण्याची बाब अंदाजपत्रकात वेगळी असावी लागते. ती नसेल तर काम सुरू झाल्यावर ठेकेदाराला कितीही सांगा, त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत आणि तो ते करत नाही.

या फायलीचा प्रवास लांब असतो. कनिष्ठ अभियंता जागा बघून दरसूचीप्रमाणे (सरकारनं ठरवलेल्या दरांनी) अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता, मग सभेचा ठराव आणि प्रशासकीय मान्यता, मग निविदा, शेवटी कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश. सर्वसाधारण सभा साधारण दोन महिन्यांतून एकदा. विषय एका सभेच्या पत्रिकेवर आला नाही की दोन महिने गेले. आपल्याकडे पावसाचे महिने वजा केले तर बांधकामाला नोव्हेंबर ते मे एवढंच मिळतं. नगरपरिषदेच्या पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव याच दिवसांत चाललेली असते, म्हणून तुमचा अर्ज याच महिन्यात जायला हवा. डिसेंबरच्या निवडणुकीनंतर प्रत्येक प्रभागाला दोन नगरसेवक आलेत. दोघांनाही प्रत द्या. ठराव सभागृहात मांडणं त्यांच्या हातात आहे, पण पैसे द्यायची सही मुख्याधिकाऱ्यांची, हे ध्यानात ठेवा.

‘निधी नाही’ असं कोणी सांगितलं तर लगेच रागावू नका. ‘कोणत्या शीर्षात नाही?’ असं विचारा. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, तिच्या जागी सरकारचं सहायक अनुदान येतं आणि त्याचा मोठा भाग पगारात जातो. वित्त आयोगाचा बंधित निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच खर्ची टाकता येतो, रस्त्याला नाही. जिल्हा नियोजन समितीचा किंवा नगरोत्थान या सरकारी योजनेचा पैसा मंजूर कामालाच. मनाप्रमाणे वापरता येईल असा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. म्हणून वसुली कमी झालेल्या गावात किरकोळ दुरुस्ती आधी थांबते.

काम मंजूर झालं तर आईनं एक बघावं. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी पडलं पाहिजे, ओली पोती टाकलेली हवीत. ठेकेदार दुसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीत गेला आणि गटार पांढरं पडलं, तर त्याच दिवशी फोटो काढून अर्ज करा. दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, तडे गेले तर दुरुस्ती त्याच्याच खर्चानं होते आणि तोवर त्याची अनामत नगरपरिषदेकडे असते. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून मागता येते.

पाण्याचं थोडक्यात. वीस हजार वस्तीला माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला २७ लाख लिटर. पंप वीस तास चालले तर तासाला १ लाख ३५ हजार. चार तास वीज गेली की ५ लाख ४० हजार लिटर कमी, म्हणजे एक मोठी उंच टाकी रिकामी. मग पाणी सोडणारा दोन भागांना एकदम सोडतो आणि कुणालाच दाब मिळत नाही. सगळ्या गल्लीला कमी येत असेल तर कारण हे किंवा व्हॉल्व्हचं. एकट्या आपल्यालाच कमी असेल तर मुख्य लाइनवरचा फेरूल (आपलं कनेक्शन जिथे जोडतात तो तुकडा) गंजलेला किंवा अडकलेला असतो. तेव्हा आधी शेजारी विचारा. नळाला थेट मोटर लावायची नाही, आई, शेजारच्यांनी लावली तरी नाही. लाइन रिकामी असताना मोटर ओढते ती गटारातून गेलेल्या पाइपच्या सांध्यातून घाण ओढते. आपलं कनेक्शन गटारातून गेलंय का ते आत्ताच बघा, गेलं असेल तर वरून वळवून घ्यायला पाणी विभागात अर्ज करा. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावं लागतं. शंका आली तर ओटी चाचणी (पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन बघायची) करायला सांगा. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, तसंच राहिलं तर नाही. तोपर्यंत उकळून प्या. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पुढच्या पावसाळ्यात हे आकडे कानावर आले की टाकी भरून ठेवा, कारण नदीकाठचे जॅकवेल (नदीचं पाणी उपसायच्या पंपांच्या विहिरी) पाण्यात गेले की पुरातच प्यायला पाणी नसतं.

दिव्याच्या तक्रारीत खांबाचा क्रमांक लिहा. खांब महावितरणचा आणि दिवा नगरपरिषदेचा असतो; एकच दिवा बंद असेल तर नगरपरिषद, गल्लीतले सगळे बंद असतील तर दोन्हीकडे कळवा.

बाबा, गुडघा दुखत असताना जिने चढू नका. आवक खिडकीपर्यंतच जा. सुनावणीला मी येते, त्यासाठी मला अधिकारपत्र लागेल. मजकूर लिहून पाठवते, त्यावर तुमची सही आणि आधारची झेरॉक्स एवढं ठेवा. नोटिशीच्या मागच्या बाजूचा फोटो राहिलाय, तो आजच पाठवा. हरकतीची मुदत आणि सुनावणीचं ठिकाण तिथेच छापलेलं असतं. आई, मापांचा कागद रविवारपर्यंत तयार झाला तर मी त्याच रात्री हरकत टाइप करून पाठवते, म्हणजे सोमवारी सकाळी ती आवकला जाईल.

तुमची,
वैशाली