'टाइमपास' या शब्दाविषयी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, घरी पाहण्याजोगे चित्रपट सुचवणारे सदर मी नियमाने वाचतो. त्यात खून, तपास आणि सूड यांच्या कथांना सविस्तर परीक्षण लाभते. प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट असली, की मात्र 'टाइमपास' एवढ्या एका शब्दावर तिची बोळवण होते. माझी तक्रार या शब्दाबद्दल आहे.

आमच्या खानदेशात मे महिन्यातील दुपारी बाहेर पडण्याच्या नसतात. दारे-खिडक्या लावून, कूलरसमोर बसून आम्ही घरच्यांनी यंदा बासू चटर्जी यांचा 'छोटी सी बात' (१९७६) पुन्हा पाहिला. अमोल पालेकरांचा अरुण बसथांब्यावर रोज प्रभाला पाहतो आणि रोज गप्प राहतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी आमच्या ऐंशी वर्षांच्या आईला राहवले नाही. "आरे, सांगी टाक ना तिले!" असे ती पडद्याकडे पाहून मोठ्याने म्हणाली. या चित्रपटात वाट अडवणारा खलनायक नाही आणि लग्नाला विरोध करणारा बापही नाही. नागेश हा प्रतिस्पर्धी आहे खरा, पण त्याचे मोठे शस्त्र म्हणजे एक स्कूटर. खरी अडचण अरुणच्या भिडस्त स्वभावात आहे, आणि तेवढ्या भांडवलावर प्रेक्षकाला शेवटपर्यंत बांधून ठेवायचे, तर प्रत्येक प्रसंग किती मोजूनमापून लिहावा लागत असेल, याचा विचार परीक्षकांनी करावा. प्रेत सापडले की प्रेक्षक आपोआप सावरून बसतो. बस चुकली म्हणून त्याला सावरून बसवणे कठीण. (अशोक कुमारांचे संवाद नीट ऐकू यावेत म्हणून आम्ही कूलर बंद केला आणि घाम पुसत हसलो, हेही नोंदवतो.)

सई परांजपे यांच्या 'कथा'मध्ये (१९८३) तर चाळीतला साधा राजाराम मनातले बोलतच नाही आणि बोलघेवडा बाशू आधी बाजी मारतो. ते पाहताना हसू येते, पण ते घशात अडकते. हा अनुभव 'टाइमपास' या शब्दात मावत नाही.

सगळेच हलके चित्रपट चांगले असतात, असे माझे म्हणणे नाही. एका फोनने मिटेल असा गैरसमज तासभर ताणणारे अनेक नवे चित्रपट मी अर्ध्यावर बंद केले आहेत. याउलट 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) केवळ दोन माणसांच्या दिवसभराच्या गप्पांवर उभा राहतो; नकार द्यायला आलेली मुलगी आणि तिला भेटलेला पुण्याचा मुलगा, एवढाच त्याचा पसारा.

घरी पाहण्यात एक तोटा मात्र आहे. कोणी चहासाठी, कोणी फोनसाठी चित्रपट थांबवतो आणि विनोदाची लय तुटते. थरारपटात तुटलेला धागा पुन्हा सापडतो, विनोदात तो सहसा सापडत नाही. म्हणून आमच्याकडे आता मध्यंतरापर्यंत रिमोट आईच्या हाती असतो.

आपल्या सदरात अशा चित्रपटांनाही चार ओळी जास्त मिळाव्यात आणि त्या ओळींत हसू नेमके कशातून येते, म्हणजे शब्दातून, स्वभावातून की कोणाच्या व्यंगावर बोट ठेवून, तेवढे सांगितले जावे, ही विनंती. आईसोबत काय पाहावे, हे आम्हाला त्यावरून ठरवता येईल.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)