टॉम रॉबिन्सनच्या ज्युरीत कोण बसले होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हार्पर ली यांच्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीवरची वाचनगटांतली चर्चा बहुतेक वेळा ॲटिकस फिंचच्या थोरवीपाशी येऊन थांबते. वकील किती सचोटीचा, बाप किती समजूतदार, आणि मेयेला युएल या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराच्या आरोपातून त्याने इतका चोख बचाव करूनही निरपराध कृष्णवर्णीय टॉम रॉबिन्सनला शिक्षा झाली हे किती वाईट! ती का झाली, हा प्रश्न राहूनच जातो. त्याचे उत्तर तेविसाव्या प्रकरणात आहे आणि नेमके तेच प्रकरण घाईत उरकले जाते.

आधी खटल्याविषयी. सतरा ते एकवीस ही प्रकरणे गटाने मोठ्याने वाचावीत आणि वाचता वाचता पुरावा कागदावर मांडावा. मेयेलाचा उजवा डोळा काळानिळा झालेला आहे. शेरीफ आधी डावा म्हणतो, मग सावरून उजवा सांगतो. गळ्यावर सगळीकडून बोटांचे वळ, म्हणजे मारणाऱ्याचे दोन्ही हात धड असणार. तिचा बाप बॉब युएल डाव्या हाताने सही करतो. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडलेला, उजव्यापेक्षा फूटभर आखूड आणि निकामी. डॉक्टरला कुणी बोलावलेच नाही. हे सगळे एका कागदावर आले की एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत पुराव्याचा प्रश्न निकालात निघतो. मग उरते ती फक्त ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ.

तेविसाव्या प्रकरणात ॲटिकस मुलांना ज्युरीची घडण समजावून सांगतो. बाकावर बसलेले बारा जण बहुतेक शेतकरी आहेत, कारण गावातले सुशिक्षित लोक ज्युरीचे काम टाळतात. उद्या गिऱ्हाईक तुटेल, शेजारी बोलायचे थांबतील ही भीती. स्त्रियांना ज्युरीत बसायला मनाई होती. ती अलाबामात १९६६पर्यंत होती. कृष्णवर्णीय माणसांना तर यादीतच जागा नव्हती. स्कॉट्सबरो खटल्यात हाच मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च १९३१मध्ये अलाबामात मालगाडीतून नऊ कृष्णवर्णीय मुलांना पकडले, दोन गोऱ्या तरुणींवर बलात्काराचा आरोप ठेवला आणि काही दिवसांतच आठ जणांना मृत्युदंड सुनावला. ज्युरीच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे असल्याचा दावा पुढे राज्याने केला, पण ती मागाहून घुसडली असल्याचे बचावपक्षाने दाखवून दिले. न्यायमूर्तींनी भिंग घेऊन ते रजिस्टर पाहिले आणि १९३५मध्ये शिक्षा रद्द केली. कादंबरीतला काळ तोच, १९३३ ते १९३५.

मराठी वाचकाची इथे हमखास एक गफलत होते. आपल्या डोक्यात ज्युरी म्हणजे १९५९चा नानावटी खटला. आठ विरुद्ध एक मतांनी आरोपी निर्दोष ठरला, न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. अलाबामात बारा जणांचे एकमत लागे आणि बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा किती द्यायची हेही ज्युरीच ठरवी. म्हणून कनिंगहॅम या शेतकरी कुटुंबाच्या नात्यातला एक माणूस सुरुवातीला सुटकेच्या बाजूने अडून बसला, या तपशिलाला फार वजन आहे. खटल्याच्या आदल्या रात्री टॉमला ठार मारायला तुरुंगाबाहेर जमलेल्या झुंडीत कनिंगहॅम होते, हे पंधराव्या प्रकरणातून आठवावे. तो एकटा शेवटपर्यंत अडला असता तर निकालच लागला नसता.

न्यायाधीश काय करू शकत होते, हेही गटात विचारायला हवे. ज्युरीने दोषी ठरवल्यावरही निकाल बाजूला सारून नव्याने खटला चालवण्याचा आदेश देता येत असे. स्कॉट्सबरो प्रकरणात न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी १९३३मध्ये तसे केले आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ते पडले. तिथे न्यायाधीश मतांवर निवडून येत, आणि मतदार यादीतूनही कृष्णवर्णीयांना साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान कर लावून बाहेर ठेवले होते. कादंबरीतले न्यायाधीश टेलर नवख्या वकिलाऐवजी ॲटिकसला नेमतात, यापलीकडे जात नाहीत. माझ्या मते पुस्तकातली ही सर्वांत बोलकी जागा आहे.

पुस्तकाची उणीवही मोकळेपणाने मांडावी. टॉमचे म्हणणे त्याच्या तोंडून सविस्तर येते ते एकोणिसाव्या प्रकरणातच. त्याच्या मृत्यूची बातमी चोविसाव्या प्रकरणात गोऱ्या बायकांच्या चहापानाच्या वेळी येते, तीही ॲटिकसच्या तोंडून. सगळा जिव्हाळा बचाव करणाऱ्याच्या वाट्याला जातो. म्हणून जोडीला रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) घ्यावी. तिथला कृष्णवर्णीय आरोपी खरोखरच गुन्हेगार आहे आणि कथा त्याच्याच मनातून पुढे सरकते. सज्जन, निरपराध माणसाविषयी कळवळा वाटणे सोपे असते, हे तिथे वाचकाला कळते.

राहिली जातीशी तुलना. ती आपल्याकडे जुनी आणि रास्त आहे. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, १९४६मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, १९७२मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. पण पहिल्याच बैठकीत ‘आपल्याकडेही असेच’ म्हटले की कादंबरीतल्या मेकॉम्ब गावचे न्यायालय बाजूला पडते आणि सगळे आपापले ठरलेले बोलू लागतात. पहिली बैठक खटल्याला आणि दुसरी तेविसाव्या प्रकरणाला द्यावी. जात तिसऱ्या बैठकीला घ्यावी आणि तेव्हाही नेमकेपणाने: गावपंचायतीत, शाळा समितीत, देवस्थानच्या विश्वस्त मंडळात नावे कोण सुचवते, ती यादी कुठे ठेवलेली असते आणि ती पाहायला मागण्याचा अधिकार कुणाला आहे?

आपला,
एक वाचक