पासपोर्टाबद्दल लिहिणार नव्हते

प्रिय सायली,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कटला की तू ठेवलास, ते विचारत नाही. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज तू भरते आहेस हे आदित्यकडून कळावं, याचं मात्र लागलं. या पत्रात पासपोर्टाचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले आहे. बाबा म्हणाले, बघू किती ओळी निभतंय.

तू दिवाळीत सांगितलेले ते जुने जर्मन इतिहासकार, हॅरी ब्रेस्लाऊ, माझ्या डोक्यातून जात नाहीत. दुय्यम निबंधक कचेरीत जन्म घालवलेल्या बाईला हा माणूस आपल्यातलाच वाटणार. शिक्का कोणाचा, अक्षर कोणत्या लेखनिकाचं, तारीख आणि साक्षीदार जुळतात का, यावरून सनद खरी की बनावट ते ठरवायचं. त्या शास्त्राचा त्यांचा ग्रंथ १८८९ चा, आणि तुझ्या टेबलावर अजून तोच. दुसरा हेन्री, दुसरा कॉनराड या मध्ययुगातल्या जर्मन राजांच्या सनदा त्यांनी छापून काढल्या. राजा सही करत नसे, लेखनिकाने काढून ठेवलेल्या मोनोग्राममध्ये, म्हणजे नावाच्या अक्षरांच्या गुंफणीत, एक रेघ तेवढी ओढायचा, हे ऐकून मला आमच्याकडचे अंगठे आठवले. त्या रेघेवर मठांना जमिनी मिळायच्या! मध्ययुगातले कागद छापणाऱ्या ज्या मोनुमेंटा संस्थेच्या संचालक मंडळावर ते होते त्याच संस्थेत आज माझी लेक काम करते, हे मी भाजीवालीलाही सांगून झालंय.

लहानपणी तू कचेरीत यायचीस आणि रद्द झालेल्या स्टॅम्पपेपरवरचा अशोकस्तंभ पेन्सिलीने गिरवत बसायचीस. साठेबाई म्हणायच्या, ही पुढे खोटे दस्त करणार नाहीतर पकडणार.

ब्रेस्लाऊंचं पुढचं आयुष्य वाचलं आणि झोप उडाली. ज्यू असल्यामुळे बर्लिनमध्ये पूर्ण प्राध्यापकी मिळेना, ती १८९० मध्ये स्ट्रासबुर्गला मिळाली. त्याआधी ट्राइट्श्के, बर्लिन विद्यापीठातलाच मोठा प्राध्यापक, ज्यूंविरुद्ध लिहीत सुटला, तर यांनी १८८० मध्ये जाहीर पत्र छापून त्याला उत्तर दिलं. आणि १९१८ मध्ये महायुद्ध हरल्यावर स्ट्रासबुर्ग जर्मनीच्या हातून गेलं, फ्रेंच आले, त्यांनी यांनाच कडवे जर्मनवादी ठरवून डिसेंबरात हद्दपार केलं. वय सत्तर. मुलगी हेलेने, आफ्रिकेत दवाखाना काढणाऱ्या डॉक्टर अल्बर्ट श्वाइट्झरांची बायको, तिचे दिवस भरत आलेले. १४ जानेवारी १९१९ ला नात झाली ती स्ट्रासबुर्गमध्ये, आणि आजोबा ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, जर्मनीत. १९२६ मध्ये हायडेलबर्गला वारले. सुटले म्हणायचं, कारण मुलगा एर्न्स्ट, कोलोनचा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, त्याला १९३३ मध्ये ज्यू वंशाचा म्हणून काढून टाकलं. तो ब्राझीलला गेला, १९३५ मध्ये तिथेच वारला.

आयुष्यभर जर्मन राजांचे कागद लावले त्या माणसाने. जन्माने तिथला. त्याला कोणता पासपोर्ट कामी आला? आला बघ शब्द.

आता आलाच आहे तर ऐक. आपला पासपोर्ट परत करावा लागतो, दोन ठेवता येत नाहीत. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येते, तेवढं मी जोशीवकिलांना विचारून ठेवलंय. शिवाय कागद देणाऱ्याची मर्जी कायम राहते असं समजून चालू नये, माणसाने नेहमी...

असो. व्याख्यान पुरे, रागावू नकोस. तू म्हणशील तो काळ वेगळा, तो जर्मनी वेगळा. मान्य. तिथे तुझं काम आहे, तुझी माणसं आहेत, आणि दर खेपेला व्हिसाच्या रांगेत उभं राहणं किती जीवावर येतं ते मी तुझ्या आवाजात ऐकलंय. मलाच रात्री ऱ्हाइनचा पूल दिसतो, त्याला तू काय करणार? खोकला गेला का?

जन्मदाखल्यावर तुझं नाव ‘शायली’ पडलं होतं. बाबा महापालिकेत खेटे घालून दुरुस्त करून आले. आता दाखला कुरियरने पाठवते, सोबत मेतकूट. मूळ प्रत कुणाच्या हातात सोडू नकोस, आधी झेरॉक्स पुढे करायची. आणि अर्ज भरायच्या आदल्या दिवशी फोन कर. अडवणार नाही. नावाचं स्पेलिंग नीट तपासून घेऊ.

तुझी,
आई