कऱ्हाड एकच, संगणकाला मात्र तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी नावे संगणकाला अचूक ओळखता यावीत असे आपल्याला वाटत असेल, तर त्यासाठीच्या मुक्तस्रोत लायब्रऱ्यांच्या (कोणालाही वापरता व सुधारता येणाऱ्या तयार प्रोग्राम-संचांच्या) कामात मराठी प्रोग्रामरांनी स्वतः उतरले पाहिजे, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

सिमँटिक वेबमध्ये, म्हणजे संगणकालाही अर्थ कळेल अशा रीतीने मांडलेल्या वेबवरील माहितीत, ती छोट्या विधानांच्या रूपात ठेवतात. उदाहरणार्थ, ‘कऱ्हाड – जिल्हा – सातारा’. आरडीएफ नावाच्या या मांडणीचे पहिले मानक १९९९ मध्ये आले. अशी विधाने वाचण्यासाठी, एकमेकांना जोडण्यासाठी आणि त्यांत शोध घेण्यासाठी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत आरडीएफलिब ही लायब्ररी आहे. डॅनियल क्रेच यांनी २००२ मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी बीएसडी परवान्यामुळे कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि बदलताही येते.

तिच्या मदतीने मी गावांच्या दोन याद्या जोडत होतो. कऱ्हाड दोन्हींत होते, पडद्यावर अक्षरेही हुबेहूब तीच, तरी जुळणी होईना. अक्षरांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ज्यांनी अक्षरे ओळखतो ते क्रमांक, तपासल्यावर उलगडा झाला. एका यादीत ‘ऱ’ हे एकच अक्षर होते, तर दुसरीत साधा ‘र’ आणि त्याला वेगळा जोडलेला नुक्ता, म्हणजे अक्षराखालचे टिंब. साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह अशी तिसरीही रीत आहे. आरडीएफच्या नियमानुसार दोन शब्दांचे हे क्रमांक एकूण एक जुळले तरच ते एक मानले जातात. मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात ठेवावा, अशी शिफारस २०१४ च्या मानकात आहे. त्याने पहिली दोन रूपे एक होतात, तिसरे मात्र वेगळेच राहते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा प्रत्येक शब्दापाशी हाच खड्डा आहे.

लायब्ररीने न विचारता मजकूर बदलावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही. दुसऱ्याच्या माहितीला परस्पर हात लावणे चूकच. पण वापरणाऱ्याने सांगितल्यास तिन्ही रूपे एक करून देणारी छोटी सोय लिहिता येईल, तिच्या चाचण्यांत मराठी शब्द घालता येतील आणि माहितीपुस्तिकेत ही अडचण नोंदवता येईल. ज्यांना ‘ऱ’ रोज लिहावा लागत नाही, त्यांना हे सुचणार तरी कसे?

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प तोंडी परीक्षा झाली की कपाटात जातात. त्याऐवजी अशा लायब्ररीत स्वीकारली गेलेली दुरुस्ती प्रकल्प म्हणून ग्राह्य धरावी, अशी विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. विद्यार्थ्याने लिहिलेली प्रत्येक ओळ आणि तिच्यावर जाणकारांनी घेतलेले आक्षेप तिथे सर्वांसमोर नोंदलेले असतात. गुण देणाऱ्या मार्गदर्शकांना ते केव्हाही पडताळून पाहता येतील.

आपला,
एक प्रोग्रामर, सातारा