विल्सन आजाराची नोंद एकाच वहीत हवी

महोदय,

विल्सन आजारात शरीरात तांबे साठते. रुग्ण काविळीसाठी पोटविकारतज्ज्ञांकडे, हात थरथरतो म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जातो. कागद दोन फायलींत राहतात. मग कोणते औषध कोणाला लागू पडले, हे कळणार कसे? कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात एकच नोंदवही ठेवावी: सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातील तांबे वाहून नेणारे प्रथिन), स्लिट लॅम्पने (प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकाने) डोळ्यांची तपासणी, २४ तासांच्या लघवीतील तांबे. सकाळची पहिली लघवी टाकायची, दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची; मधली एक वेळ जरी सुटली तरी आकडा खोटाच कमी येतो. पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध सुरू केल्यावर कंप वाढला का, हेही लिहावे. सख्ख्या भावंडांना २५ टक्के धोका असतो, लक्षणे नसली तरी त्यांना तपासाच. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्यास यकृत निकामी होऊ शकते. ही सूचना वहीच्या पहिल्याच पानावर हवी.

– एक वाचक, कोल्हापूर