सुमे, ते नाटक नव्हतं

ठाणे,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय सुमे,

इकडे सगळं ठीक. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, माझा गुडघा आहे तसाच. दिवाळीनंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोनही दोन्ही वेळा तूच केलास. ते मनाला लागून आहे.

पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. गुरुवारी पहाटे तीनला डाव्या पोटरीत गोळा आला. तोच गं, विट्याच्या मैदानावरचा.

झोपेत पाय ताणला, एवढंच निमित्त. कुणी पोटरी मुठीत धरून पिळावी तसं मांस वर सरकलं. पाऊल खाली वळलं, अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं भलतीकडे. हात लावून बघते तर आत दगड. ह्यांना हाक मारावी तर आवाजच फुटेना. आणि त्या अंधारात मला तू ऐकू आलीस, 'टाच खाली दाब, बोटं वर ओढ!' कशीबशी उठले, गार फरशीवर टाच रोवली, कपाटाला दोन्ही हात टेकून पुढे झुकले. दोनेक मिनिटांनी दगड सुटत गेला. मग पलंगाच्या कडेवर बसून रडले. दुखत होतं म्हणून नव्हे, तुझी आठवण आली म्हणून.

आठवतं ना, आपली बसती होती, मी खांबाशेजारी उकिडवी बसलेले. तू खो दिलास आणि मी उठलेच नाही. माझी बोटं ओढून पाय तूच सोडवलास, आणि परतताना एसटीत सगळ्यांदेखत म्हणालीस, 'दमली होती, नाटक केलं.' चार महिने आपण बोललो नव्हतो. माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या पोळीसाठी तूच आधी बोललीस, हे मात्र मी अजून सगळ्यांना सांगते.

आता हे कशाने झालं ते सांगते, कारण त्यात तुझाही संबंध आहे. गुडघ्यासाठी वजन उतरवायचं म्हणून मी कीटो सुरू केलं होतं, ते तुला माहीत आहे. भाकरी बंद, भात बंद. अंडी, पनीर, तूप, खोबरं चालू. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचं. तुझ्या सासूबाईंनी तो 'भात' बघितला असता तर म्हशीपुढे ठेवला असता! आहाराचा कागद करून देणाऱ्या मुलीने पनीर ग्रॅममध्ये लिहून दिलं, पण मिठाबद्दल अवाक्षर नाही.

डॉक्टरबाईंनी समजावलं ते असं. पीठ-साखर बंद केली की शरीर आधी यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचाच साठा, वापरतं. त्याच्या दर ग्रॅमला साधारण ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही निघून जातं. म्हणजे पहिल्या आठवड्यातले माझे ३ किलो, ज्याचे पेढे मी तुला फोनवरच वाटले, ते बहुतेक पाणीच. शिवाय इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ धरून ठेवत नाहीत, लघवीवाटे सोडून देतात. पोटॅशियम, मॅग्नेशियमही मग कमी पडू लागतं. त्यात माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, आणि बीपीमुळे जेवणातलं मीठ मी आधीच निम्म्यावर आणलेलं. तपासणीत सोडियम आलं १३१, हवं किमान १३५. पोटॅशियमही थोडं खाली, ३.३.

त्यांनी गोळी बदलली, मीठ किती घ्यायचं ते ठरवून दिलं आणि दुपारची एक भाकरी परत सुरू करायला लावली. त्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा सुटताना जो वास आला, सुमे! शेजारणीने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं होतं, ते वापरायला मात्र साफ मनाई केली. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि माझ्या नव्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. रोज संध्याकाळी वाटीभर अळणी पिते. मीठ घातलेल्या रश्शाला आपल्याकडे अळणी का म्हणतात, हे तुझ्या सासूबाईंना विचार बरं.

आता तुझं. पाडव्यापासून तूही कीटो सुरू करणार म्हणालीस, ते माझं ऐकून. तेव्हापासून मला चैन नाही. तू मागे पाठवलेला गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मी डॉक्टरबाईंना दाखवला. त्यावर डापाग्लिफ्लोझिन लिहिलंय. ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. त्यात पीठही बंद केलं तर रक्तात कीटोनचं आम्ल साठू शकतं, आणि मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतं. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप, यातलं काही झालं तर थेट दवाखाना गाठायचा. हे कीटो म्हणजे १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. वाइल्डरांनी फिट्स येणाऱ्यांसाठी सुचवलेलं पथ्य, त्या म्हणाल्या. ते डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं. मी तुला फोनवर चटणीची कृती सांगावी तसं सांगून टाकलं. माझं चुकलं. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घास बदलू नकोस, आणि आपल्या मनाने गोळीही सोडू नकोस. शपथ आहे माझी.

नातीचं बारसं कधी? नाव ठरलं का? बांधाचा वाद मिटला की तारखाच चालू आहेत? सगळं सविस्तर लिही.

आणि आता तरी कबूल कर, ते नाटक नव्हतं.

तुझी,
शैला

ता. क. काल रात्री उजव्या पोटरीत येऊ लागला होता. लगेच उठून टाच रोवली, अर्ध्यातच सुटला.