कादंबरी की रहस्यकथा?

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

हस्तलिखितावर 'कादंबरी' लिहू की 'रहस्यकथा', असं तू विचारलंस. दोन्ही लिही, काही बिघडत नाही. कविता, कथा, कादंबरी, नाटक, चरित्र, ललित निबंध ही विभागणी रचनेवरून होते. रहस्य, भय, विज्ञान, इतिहास ही आशयावरून. नाटकही रहस्यप्रधान असतंच की.

लांबीचं म्हणशील तर 'नेब्युला' या विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या अमेरिकी पुरस्काराचे आकडे हाताशी ठेव: ७,५०० शब्दांच्या आत कथा, १७,५०० च्या आत दीर्घकथा, ४०,००० च्या आत लघुकादंबरी, पुढे कादंबरी. पण नुसते शब्द वाढवून कादंबरी होत नाही. एकच पेच पन्नास हजार शब्द ताणलास, तर मधला भाग पाणी घातलेल्या आमटीसारखा लागणार. उपकथानक हवं, माणसं बदलायला काळ हवा.

आता तुझा खरा प्रश्न: तुझी गोष्ट रहस्यकथा की थरारकथा? रहस्यकथेत गुन्हा बहुधा घडून गेलेला असतो आणि वाचक 'कोणी, कसा?' हे शोधतो. थरारकथेत संकट पुढे उभं असतं. ते टळेल का, ही धाकधूक. पारख सोपी आहे. खुनी कोण ते तिसऱ्याच प्रकरणात सांगून बघ. तरीही पुढचं वाचावंसं वाटलं, तर तू थरारकथा लिहिली आहेस.

रहस्यकथा फसते ती बहुतेक धागेदोरे दडवल्यामुळे. शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा उगवलेला गुन्हेगार वाचक माफ करत नाही. धागा उघड्यावर ठेवायचा, फक्त त्याच्यावर नजर रेंगाळू द्यायची नाही. 'टेबलावर चष्मा, पाण्याचे दोन पेले, अर्धवट पत्र आणि विझलेली मेणबत्ती' या यादीत पेले मधे दडवलेत. एकट्या माणसाच्या खोलीत दोन कशाला? लगेच पुढच्या वाक्यात दार वाजव, म्हणजे वाचक तिकडे वळतो.

विज्ञानकथेची कसोटी वेगळी. यानाऐवजी आगगाडी घातली आणि गोष्ट तश्शीच चालली, तर विज्ञान नुसतं नेपथ्य होतं. अद्भुतकथेत जादू चालते, पण तिचे नियम आधी ठरवायचे. ऐन वेळी नवी शक्ती काढली की सगळा ताण गेला.

कवितेत मोजमाप जास्त काटेकोर. सुनीत, म्हणजे सॉनेट, चौदा ओळींचं: ओळींचे गट आठ-सहा, नाहीतर चार-चार-चार-दोन. गझल दोन-दोन ओळींच्या शेरांची. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द), नंतर प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत. शेर सुटा काढला तरी त्याचा अर्थ पुरा लागला पाहिजे. नवशिके इथेच घसरतात, शेरांतून सलग गोष्ट सांगत बसतात.

पहिली तीन प्रकरणं पाठव. गुन्हेगाराचं नाव मात्र कळवू नकोस, नाहीतर धागे नीट पेरलेत का ते मला तपासता येणार नाही.

तुझा,
अवि